मासा आणि माशी

"तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तेव्हा दिवाळी अंकासाठी प्रवासवर्णन द्याच," असा संपादकांचा निरोप आला आणि मी अडचणीत सापडले. कारण अमेरिकेला जाऊन मी नायगारा पाहिला नाही, न्यूयॉर्क पाहिले नाही, आणि आमच्या सोसायटीतली निम्मी मुले ज्या डिस्नेलँडवर निबंध लिहितात त्याच्या आसपासही फिरकले नाही. अठरा दिवसांपैकी बरेचसे दिवस मी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी, भावाच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कोंबड्याची पिसे हुकाला बांधीत होते. उरलेल्या दिवसांत एका थंडगार नदीत मांड्याइतक्या पाण्यात उभी होते.

रजेच्या अर्जावर कारण काय लिहावे हा प्रश्न होता. आमच्या कॉलेजच्या कार्यालयातले जुने हेडक्लार्क म्हणजे वडीलधारे माणूस. त्यांना मी खरे ते सांगून टाकले. "दादाकडे माशा बांधायला चालले आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. माशा मारायला कॉलेज सोडून इतके लांब कशाला जावे लागते, असे ते म्हणाले नाहीत, एवढाच त्यांचा मोठेपणा. निमूटपणे त्यांनी स्वतःच्या हाताने 'कौटुंबिक कारण' असे लिहिले.

ही माशी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. मासा पुल्लिंगी आणि माशी हे त्याचे स्त्रीलिंगी रूप, असे कोणी पाचवीतल्या मुलाने लिहिले तर आपण लाल रेघ मारू. मासा आला मत्स्यावरून, माशी आली मक्षिकेवरून. दोघांचा काडीचा संबंध नाही. पण इंग्रजांनी आणि त्यांच्यामागून अमेरिकनांनी या दोघांचे लग्न एका हुकावर लावून दिले आहे. हुकाला पीस, केस, रेशीम आणि जर गुंडाळून किड्यासारखी, कोळंबीसारखी, किंवा कशासारखीच नसलेली एक झुबकेदार वस्तू तयार करायची आणि ती आमिष म्हणून पाण्यावर फेकायची. तिला ते लोक माशी म्हणतात. खऱ्या माशीशी तिचे साम्य शोधू नये.

आमच्या घराला मासेमारी परकी नाही. आमचे गाव मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या खाडीजवळ. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शनिवारी शाळा सुटली की रविवार संध्याकाळपर्यंत ते मास्तर नसत, गरवणारे असत. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गळ टाकून मासे धरणे याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. बरोबर दादा असे. मला कधी नेले नाही. "चेडवांचं तिथं काय काम?" एवढ्यावर आईने विषय संपवला होता. पण तंगुसाला गऱ्या बांधून देण्याचे काम मात्र माझ्याकडे होते, कारण दादाने बांधलेली गरी पहिल्याच काळुंदराबरोबर जाई आणि माझी जात नसे. ओसरीवर बसून मी गाठी मारायची, ते दोघे जायचे, आणि संध्याकाळी टोपलीतले मासे पाहून कोणता कोणत्या गरीला लागला असेल याचा मी मनाशी हिशेब करायची. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. तो शिकायला मुंबईला गेला, तिथून अमेरिकेला गेला, आणि माझे गाठी मारणे संपले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. "गणपती झाले की ये. मला माशा बांधून पाहिजेत." मी हसले. इतक्या वर्षांत त्याने मला असे कधी बोलावले नव्हते. वर्षभर तो फोनच्या पडद्यावर येतही नव्हता, नुसताच आवाज. मला वाटे, कंटाळा करतो.

पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. टेबलाच्या कडेला त्याने एक छोटा व्हाइस पक्का केला होता, त्यात हुक अडकवला होता, आणि तो बॉबिनच्या बारीक नळीत दोरा ओवू पाहत होता. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहत होती, जणू अदृश्य तपकिरीची चिमूट चोळतो आहे. दोरा नळीच्या तोंडाशी जाई आणि बाजूला सरके. पाचसहा वेळा. मग त्याने बॉबिन माझ्याकडे सरकवली.

"आता ह्यां माका जमणा नाय गो, बाय."

कंपवात. निदान होऊन दीड वर्ष झाले होते. वहिनीला बजावले होते, इकडे कोणाला सांगायचे नाही. वहिनी दादरची, ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती, आणि तिने तो फार वेळ गाळला. मीही काही बोलले नाही. दोरा ओवला. "आता पुढे काय करायचे ते सांग," म्हटले.

ज्या माशासाठी हे सारे चालले होते, त्याचे नाव स्टीलहेड. हा मासा म्हणजे आपल्याकडे उटीच्या थंड पाण्यात इंग्रजांनी आणून सोडलेल्या रेनबो ट्राउटचाच सख्खा भाऊ, जात एकच. एक भाऊ गावच्या नदीत राहतो, दुसरा समुद्रावर जातो, दोनतीन वर्षे खाऊन-पिऊन पोलादासारखा चकचकीत होतो आणि अंडी घालण्यासाठी जन्माच्या नदीकडे परततो. (हे लिहिताना मला दादा आठवला नाही असे नाही; पण दादा काही परतला नाही.) पॅसिफिकमधले साल्मन अंडी घालून मरतात, स्टीलहेडचे तसे नाही. त्यांतले काही पुन्हा समुद्राला मिळतात आणि पुन्हा येतात.

यातली खरी गंमत पुढेच आहे. उन्हाळ्यात नदीत शिरलेला स्टीलहेड अंडी घालणार पुढच्या हिवाळ्या-वसंतात. मधले कित्येक महिने तो जवळजवळ काही खात नाही. उपाशी नव्हे, तर न खाणारा मासा! त्याला आमिष कसले दाखवायचे? कोणी म्हणतात, लहानपणी याच नदीत किडे खाल्ल्याची आठवण त्याला होते. कोणी म्हणतात, राग येतो. कोणी म्हणतात, नुसते कुतूहल. मला तिसरे मत पटते. हात नाहीत, तेव्हा एखादी वस्तू तपासून पाहायची तर ती तोंडातच धरावी लागणार. रांगते मूल तेच करते.

त्यामुळे माशी निवडण्याचे शास्त्र थोडे सैल आहे. दादाच्या कपाटात तीस वर्षांत जमवलेल्या माशांचे सोळा डबे होते. पाहून मला साड्यांचे दुकान आठवले. पण तो म्हणाला, "नव्या माणसाने यातल्या तीनच बांधाव्यात. एक काळी, एक उजळ, आणि एक पाण्याच्या वरच्या थरात चालणारी. मासा हुकावरचे रंग मोजत बसत नाही. सावलीत आणि संधिप्रकाशात काळी माशी उठून दिसते, कारण खालून आभाळाकडे पाहिले की काळा आकारच स्पष्ट दिसतो. ऊन असेल किंवा पाणी गढूळ असेल तर उजळ आणि जरा मोठी. बाकी सगळी हौस." मग हळूच, "पण हौस असतेच," म्हणाला.

शिकायला सुरुवात मात्र या तिघींपैकी कोणावरही झाली नाही. नवशिक्याने पहिली बांधायची ती वूली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग नावाच्या गृहस्थांनी १९६७ साली ती तयार केली. नाव चारचौघांत घेण्यासारखे नाही, असे वहिनीचे मत आहे. शेपटीला मराबूचा मऊ झुबका. पूर्वी तो मराबू करकोच्याच्या पिसांचा असे, आता टर्कीच्या पिसांचा असतो. अंगावर शनीलचा दोरा, आणि त्या अंगावरून शेपटीपासून डोक्यापर्यंत फिरवलेले कोंबड्याचे एकच लांब पीस. ती कशीही बांधली तरी पाण्यात गेल्यावर जिवंत दिसते. माझी पहिली कोरडी असताना बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसत होती. दादाने ती पेल्यातल्या पाण्यात बुडवून हलवली, तेव्हा तिला खरोखरच प्राण आल्यासारखे झाले. मला इतका आनंद झाला, की पीएच. डी. न केल्याचे दुःख मी तेवढ्यापुरते विसरले.

नंतर खरी माशी आली : ग्रीन बट स्कंक. स्कंक हा तिकडचा काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, दुर्गंधी सोडण्याबद्दल प्रसिद्ध असलेला प्राणी. ही माशीही काळीपांढरीच, आणि बुडाशी पोपटी. सहा नंबरचा काळा हुक घ्यायचा. त्याच्या दांड्यावर दोरा अंगाशी अंग लावून गुंडाळायचा. शेपटीला लाल पिसाच्या दहाबारा काड्या. त्यांच्या पुढे पोपटी शनीलचे दोनतीन वेढे. तिथेच चंदेरी जर बांधून लोंबती ठेवायची. मग काळ्या शनीलने अंग भरत पुढे यायचे, आणि लोंबती ठेवलेली जर त्यावरून सारख्या अंतराने पाच वेढ्यांत पुढे आणायची. मानेशी काळे पीस दोनतीन वेळा फिरवून मागे चेपायचे. वर पांढऱ्या केसांचा पंख. हे केस वासराच्या शेपटीचे असतात. शेवटी दोऱ्याचे छोटेसे डोके, गाठ, आणि त्यावर लाखेचा थेंब. लाख संपली होती, म्हणून वहिनीचे बिनरंगी नेलपॉलिश लावले. दादाच्या मते ते चालते. किंबहुना कित्येकजण तेच वापरतात.

वाचताना सोपे वाटते ना? मलाही वाटले होते. नवशिक्याच्या हातून तीन चुका हमखास होतात आणि मी तिन्ही केल्या. पहिली, अंग फार पुढे आणून ठेवणे. मग पंखाला आणि डोक्याला जागाच उरत नाही, दोरा हुकाच्या नेढ्यावर चढतो आणि नेढे बुजते. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत प्रस्तावना तीन पाने आणि मुख्य मुद्दा शेवटच्या चार ओळींत, तसा प्रकार. दुसरी, केस फार घेणे. चिमूटभर घेतले असे वाटते, बांधल्यावर ती केरसुणी होते. "जितके घेशील त्याच्या निम्मे टाक, मग उरलेल्याच्या निम्मे टाक," असे दादा म्हणे. तिसरी चूक ओढीची. दोरा सैल राहिला तर केसांचा पंख दांड्याभोवती फिरून पोटाखाली येतो. जास्त ओढला तर तटकन् तुटतो, आणि अर्ध्या तासाचे काम क्षणात उलगडून टेबलावर पडते. दोरा तुटण्याच्या अगदी अलीकडे थांबायचे, आणि ते अलीकडे कुठे आहे हे बोटालाच कळायला हवे. शेवटची गाठ मात्र मला पहिल्या खेपेला जमली. दोऱ्याचा फास करून त्याच्याखालून दोरा चारपाच वेळा घ्यायचा आणि टोक आत ओढून घ्यायचे. गजरा करताना जी बोटे चालतात तीच इथे चालतात. दादाने भिंग डोळ्याला लावून ती गाठ पाहिली आणि म्हणाला, "अण्णा तुझ्याच गऱ्या का मागत, ते आता कळलं."

अण्णा तसे मागत असत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादाने एक छोटी चपटी डबी उघडली. आत कापसावर दहाबारा पिसे होती. काळपट पिसावर मेणाचा थेंब गोठावा तसे पांढरे-पिवळे टिपके, आणि ते नखासारखे चकचकीत. मी ओळखले. आमचे आजोळ आंबोलीच्या पायथ्याशी आहे. तिथे काजूच्या बागेत पहाटे जो ओरडतो आणि दिसता दिसता जाळीत नाहीसा होतो, तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरची ही पिसे. सोनेरा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे नाव त्याला शास्त्रात मिळाले आहे आणि तो भारतापलीकडे कुठल्याही देशात रानात आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांना साल्मनच्या माशीवर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे दिसणारे हे पीस असल्याशिवाय चैन पडत नसे, आणि त्यापायी किती रानकोंबडे मेले असतील त्याची गणती नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे त्याला संरक्षण आहे. आता विकली जाणारी पिसे परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची असतात. डबीतलीही तशीच होती, पावतीसकट. तरी माझा हात काही त्यांना लागेना. "नको असेल तर राहू दे," दादा म्हणाला. "स्कंकला ते लागत नाही." मी डबी बंद केली. मग दुपारी पुन्हा उघडून पाहिली. नुसती पाहायला.

आठवडाभरात माझ्या एकोणीस माशा झाल्या. त्यांतल्या चौदा दादाने पास केल्या. मग आम्ही निघालो.

डेशूट्स नदीवर जाण्याचा रस्ता पोर्टलंडहून मौंट हुडच्या खांद्यावरून जातो. अकरा हजार फुटांहून उंच असलेला हा बर्फाळ डोंगर. त्याच्या पश्चिमेला फरची हिरवीकाळी, भिजलेली, दाट झाडी. आणि खिंड ओलांडून पूर्वेला उतरलो की तासाभरात झाडे विरळ, मग खुरटी, मग नाहीतच. उघडेबोडके पिवळे माळ आणि वर निळे आभाळ. मला हे सारे ओळखीचे वाटले, आणि का ते लगेच लक्षात आले. महाबळेश्वरहून वाईवरून पुढे माण-खटावकडे गेलेल्या कोणालाही ते कळेल. तिथे सह्याद्री पाऊस अडवतो, इथे कॅस्केड पर्वत अडवतो. समुद्रही दोन्हीकडे पश्चिमेलाच.

साम्य तिथेच संपत नाही. मॉपिन नावाच्या चिमुकल्या गावी नदीच्या खोऱ्यात उतरलो तर दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे थरावर थर असलेले कडे! हा बेसॉल्ट, लाव्हाचे पूर येऊन गोठलेला. आपला दख्खनचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्या मानाने पोर, दीड-पावणेदोन कोटींचा. पण नाकडोळे तेच. गाडीतून उतरले तर वाऱ्याबरोबर एक कडवट सुगंध आला. माळभर पसरलेल्या राखाडी झुडपाची दोन पाने चुरडून नाकाशी नेली. दवणा! तो दवणाच नव्हे, पण त्याच्याच कुळातला. तिकडे त्याला सेजब्रश म्हणतात. चैत्रात जोतिबाला दवणा वाहणाऱ्या माणसाने इथे डोळे मिटून उभे राहिले तर त्याला परदेश वाटणार नाही. डोळे मात्र फार वेळ मिटू नयेत, कारण याच झुडपांत खुळखुळे साप असतात.

नदीचे नाव फ्रेंचांनी दिलेले, अर्थ धबधब्यांची. या नदीत नावेतून गळ टाकायला बंदी आहे. नावेने हवे तिथे जा, पण मासा धरायचा तर उतरून पायांवर उभे राहा, असा नियम. मला तो फार आवडला. मात्र दादाची अडचण त्यातच होती. तळाशी गोटे, त्यांवर शेवाळ, आणि प्रवाह असा की एक पाय उचलला की दुसऱ्याचा भरवसा नाही. आदल्या हंगामात तो एकटा गेला होता, पडला होता, आणि कोणाला न सांगता ओले कपडे वाळवून घरी आला होता. वहिनीने ते कपड्यांवरून ओळखले. त्यानंतर एकटे पाण्यात उतरायचे नाही असा घरात कायदा झाला. वहिनीला पाण्याचे भय. म्हणजे मला बोलावले होते ते केवळ माशा बांधायला नव्हे. हे कोणी मला बोलून दाखवले नाही. काठावर दादाने छातीपर्यंत येणारी रबरी विजार माझ्या हातात दिली, तेव्हा मला समजले. ती विजार घालून मी कशी दिसत होते याचे वर्णन मी करणार नाही. माझे विद्यार्थीही हा अंक वाचतात.

पहिल्या दिवशी मला मासा लागला नाही, हे सांगायला नकोच. या माशाला हजार फेकींचा मासा म्हणतात. दोरी मागे नेऊन पुढे फेकताना मागच्या अल्डरच्या झाडांचे भान ठेवायचे असते. चार माशा मी त्या झाडांना वाहिल्या. नवशिक्याने साध्या, स्वस्त माशा पुष्कळ बांधाव्यात असे दादा का म्हणत होता ते तेव्हा उमगले. तंत्र असे : प्रवाहाला तिरकी, खालच्या अंगाला दोरी टाकायची. माशी पाण्याच्या ओढीने कमानीसारखी फिरत काठाकडे येते. ती आली की एक पाऊल खाली सरकायचे आणि पुन्हा टाकायचे. माशी, कमान, पाऊल. जपाला बसल्यासारखे. उन्हे पाण्यावर आली की थांबायचे, कडे सावली टाकू लागले की पुन्हा उतरायचे.

दुपारच्या रिकाम्या वेळात दादाने मला खाली शेरार्स धबधब्यावर नेले. तिथे वॉर्म स्प्रिंग्जचे मूळ रहिवासी खडकांतून पुढे काढलेल्या लाकडी माचांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी साल्मन धरतात. १८५५ च्या तहाने राखलेला त्यांचा हक्क. अशीच, पण फार मोठी जागा कोलंबिया नदीवर होती, सेलिलो धबधबा. द डॅलसचे धरण बांधले आणि १० मार्च १९५७ या दिवशी काही तासांत तो पाण्याखाली गेला. कोयनेच्या शिवसागराखाली गेलेल्या गावांची माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. समुद्रापासून या नदीच्या मुखापर्यंत सुमारे दोनशे मैल. वाटेत माशांना बॉनव्हिल आणि द डॅलस अशी दोन धरणे त्यांच्यासाठी केलेल्या पायऱ्यांनी चढावी लागतात. धरणे, तापलेले पाणी, समुद्रातला बदल, सारे मिळून मासे घटले. २०२१ साली तर इतके थोडे परतले की त्या शरद ऋतूत खालच्या डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारी बंद ठेवावी लागली. म्हणून आता रानटी मासा लागला तर सोडून द्यायचा. उबवणीकेंद्रात वाढवलेल्या पिलांचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. तसाच मासा फक्त घरी न्यायचा. आमच्या घराण्यात हाती आलेला मासा परत पाण्यात सोडल्याची नोंद नाही. मी तसे म्हटले. दादा म्हणाला, "उद्या अण्णांची तिथी आहे. उद्या नाहीतरी आपल्याला मासा चालत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कड्याची सावली पलीकडच्या काठापर्यंत गेली, तेव्हा आम्ही पाण्यात होतो. मी त्याच्या डाव्या बाजूला, अर्धे पाऊल खालच्या अंगाला, त्याच्या कमरपट्ट्यात हात अडकवून. दोरीला माझी स्कंक होती, सहा नंबरची. तिचा पंख किंचित डावीकडे कललेला. तरी पास झालेली. हुकाचा आतला काटा दादाने घरीच पक्कडीने दाबून टाकायला लावला होता. एक गोष्ट मी पाहत होते. चहाचा कप धरताना थरथरणारा त्याचा हात काठी फेकताना थरथरत नव्हता.

माशी कमानीत अर्ध्यावर आली आणि थांबली. दादा हलला नाही. इथे झटका द्यायचा नसतो. मासा माशी घेऊन वळेपर्यंत वाट पाहायची असते. नवशिका नेमका इथेच चुकतो. मी काठी धरली असती तर नक्कीच चुकले असते. मग रिळातून असा आवाज निघाला, की मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. दूर खाली पाण्याबाहेर एक लांबलचक चांदीची फळी उडाली आणि पडली. पुन्हा उडाली. "सोडू नको माका," दादा म्हणाला. काठी की मी, कोणाला म्हणाला ते कळले नाही. काठीशी तो मालवणी बोलत नसावा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पलीकडच्या काठाने मालगाडी गेली. १९०९ ते १९११ या काळात दोन रेल्वे कंपन्यांनी हट्टाने दोन्ही काठांनी रूळ टाकले, त्यांतला एक राहिला आहे. तिचे डबे मी मोजू लागले होते, आणि ती संपली तरी मासा चालूच होता. शेवटी तो उथळ पाण्यात आमच्या पायांशी आला. सहा पौंडांचा असेल. पाठ ऑलिव्हसारखी हिरवट, बाजूला जेमतेम गुलाबी छटा. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत. म्हणजे रानटी.

दादाने चिमटा काढला, हुकाकडे नेला, आणि थांबला. बोटे पुन्हा तपकीर चोळू लागली होती.

"तू काढ. तुझो हात बरो आसा."

मी ओला हात माशाच्या पोटाखाली घातला. पाण्याबाहेर काढायचा नव्हता. तो थंड होता आणि सगळा स्नायू होता. जबड्याच्या कोपऱ्यात माझी काळीपांढरी माशी, पोपटी बूड बाहेर. चिमट्याने मागे वळवताच ती सुटली. प्रवाहाकडे तोंड करून मी त्याला धरून ठेवले. कल्ले दोनतीनदा उघडले, मिटले, आणि मग हातात काही नव्हते. बाहीत मात्र बरेच पाणी गेले होते.

दादाने माशी उजेडाकडे धरून पाहिली. पंखाचे केस विसकटले होते, जर एका ठिकाणी तुटली होती. गाठ सुटली नव्हती. "अजून दहा मिनिटे उजेड आहे," तो म्हणाला, आणि आम्ही एक पाऊल खाली सरकलो.

परत पोर्टलंडला आल्यावर वहिनीने कोलंबियाकाठी मूळ रहिवाशांकडून विकत घेतलेल्या साल्मनचे तिरफळे घातलेले तिखले केले. साल्मन त्याला शोभत नाही, बांगडाच हवा. पण मी दोनदा वाढून घेतले. निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत बसून आणखी नऊ स्कंक बांधल्या. दादाने भिंग लावून एकेक तपासली. सात डब्यात ठेवल्या, त्यावर पुढच्या वर्षाचा आकडा लिहून चिठ्ठी लावली. दोन बाजूला काढल्या; म्हणाला, डोकी मोठी झाली आहेत. त्या दोन मी टाकू दिल्या नाहीत. वहिनीच्या शिवणाच्या पेटीत ठेवून आले आहे, पुढच्या सप्टेंबरात उकलून पुन्हा बांधायला.